लाल बावटा न लागलेला दिवस

अमेरिकेच्या हवामान खात्याकडे वणव्यासाठी एक खास इशारा आहे, रेड फ्लॅग वॉर्निंग. आपण त्याला लाल बावटा म्हणू. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरच्या आसपासच्या सपाटीवर तो लावण्याचा हिशेब साधारण असा होता: हवेतली सापेक्ष आर्द्रता १५ टक्के किंवा त्याहून कमी हवी, वाऱ्याचे झोत ताशी ४० किलोमीटरच्या वर हवेत आणि हे दोन्ही काही तास एकत्र टिकायला हवं. ३० डिसेंबर २०२१च्या सकाळी वारा या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेला होता. सोसाट्याच्या वाऱ्याचा वेगळा इशारा दिलेलाही होता. पण आर्द्रता मर्यादेच्या वर राहिली, त्यामुळे लाल बावटा काही लागला नाही.

त्या रात्रीपर्यंत लुईसव्हिल, सुपीरियर आणि त्यांच्या भोवतीच्या वस्त्यांमधली मिळून १,०८४ घरं जळून गेली. दोन माणसांचा जीव गेला. कोलोरॅडोच्या इतिहासात एका आगीत इतकी घरं कधीच गेली नव्हती. आदल्याच वर्षी, २०२०मध्ये, याच राज्यात कॅमेरॉन पीकच्या वणव्याने २ लाख एकरांहून जास्त डोंगराळ जंगल जाळलं होतं. या आगीने, म्हणजे ‘मार्शल फायर’ने, जाळलेली जमीन होती जेमतेम ६ हजार एकर, आणि त्यातलं बरंचसं नुसतं गवत.

वणवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झाडं येतात. इथे झाडं फारशी नव्हतीच. रॉकी पर्वताचा पायथा जिथे संपतो तिथून पूर्वेला शेकडो किलोमीटर प्रेअरी, म्हणजे सपाट गवताळ माळ, पसरली आहे. ही दोन्ही गावं त्या गवताच्या अगदी पश्चिम काठावर, डेन्व्हरपासून तीसेक किलोमीटरवर आहेत. शेजारच्या बोल्डर शहराने १९६७ सालीच मतदान घेऊन स्वतःवर कर लावून घेतला आणि त्या पैशातून शहराभोवतीची मोकळी जमीन विकत घ्यायला सुरुवात केली. पुढे आसपासच्या गावांनीही तसंच केलं. त्यामुळे इथल्या वस्त्यांच्या मध्येमध्ये मोठमोठे गवताळ पट्टे राहिले, आणि हे मला मनापासून आवडतं. आपल्याकडे माळरान दिसलं की त्याला ‘पडीक’ म्हणून मोकळं होतात. पण गवत राखायचं ठरवलं की त्याच्या आगीचाही हिशेब ठेवावा लागतो, आणि तो जंगलाच्या आगीसारखा नसतो.

आगीचे अभ्यासक इंधनाची वर्गवारी करताना झाडाची जात बघत नाहीत, काडीची जाडी बघतात. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक ते ‘एक तासाचं’ इंधन. हवा कोरडी झाली की तासाभरात त्यातली बरीचशी जादा ओल निघून जाते. मनगटाएवढी फांदी ‘शंभर तासांची’ आणि आडवा पडलेला जाड ओंडका ‘हजार तासांचा’. ‘परवाच पाऊस झालाय, आता कुठली आग’ हा दिलासा ओंडक्याच्या बाबतीत खरा असतो. वाळलेल्या गवताला तो लागू नाही. सकाळी दवाने भिजलेलं गवत दुपारी भडकू शकतं.

गवताचं आणखी एक वैशिष्ट्य असं की ओला हंगाम त्याचा धोका वाढवतो. २०२१च्या वसंतात या भागात चांगला पाऊस झाला आणि गवत गुडघ्यापर्यंत आलं. मग उन्हाळ्यापासून पावसाने जी पाठ फिरवली ती फिरवलीच. डेन्व्हरमध्ये मोसमातला पहिला नोंदण्याजोगा बर्फ पडायला १० डिसेंबर उजाडला. इतका उशीर आधी कधीच झाला नव्हता. एरवी हे गवत डिसेंबरात बर्फाखाली दबून, चिंब होऊन पडलेलं असतं. त्या वर्षी ते उभं होतं आणि पूर्ण मेलेलं होतं. मेलेलं गवत मुळांतून पाणी ओढत नाही, त्याचा ओलावा ठरतो तो फक्त भोवतालच्या हवेवर.

त्यात हा वारा. पश्चिमेकडून येणारी हवा रॉकीच्या माथ्यावरून जाताना तिच्यावर स्थिर हवेचा थर झाकणासारखा बसला, तर ती पूर्वेच्या उतारावरून अक्षरशः खाली कोसळते. खाली येताना दाब वाढतो, हवा दाबली जाते, आणि दर किलोमीटरमागे सुमारे दहा अंश सेल्सिअसने तापते. तिच्यात नवी वाफ मिसळत नाही, त्यामुळे तापली की ती आपोआप कोरडी होते. असे वारे हिवाळ्यात जास्त सुटतात, कारण तेव्हा वरचे पश्चिमी वारे सर्वांत जोरात असतात. त्या दिवशी झोत ताशी १६० किलोमीटरच्या पुढे गेले. हवा गरम मुळीच नव्हती. लोक जॅकेट घालून बाहेर पडले होते. आगीचा हंगाम म्हणजे उन्हाळा हे समीकरण इथे उपयोगाचं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी गवताच्या आगीसाठी एक ढोबळ आडाखा दिला आहे: पूर्ण वाळलेल्या गवतात, जोराच्या वाऱ्यात, आगीची आघाडी वाऱ्याच्या सुमारे एक-पंचमांश वेगाने सरकते. वारा ताशी १०० किलोमीटर असला तर आग ताशी २०. इतक्या वेगाने माणूस थोडाच वेळ पळू शकतो. अग्निशमन दल अशा आगीच्या समोर उभं राहत नाही, राहूही नये. सुपीरियर आणि लुईसव्हिल यांच्या मधून सहापदरी महामार्ग जातो. जंगलात आग अडवण्यासाठी कुणी एवढी रुंद जाळरेषा काढत नाही, पण त्या दिवशी ठिणग्या तो रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या.

आग लागली कशी, याचा बोल्डर काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) शेरीफ खात्याने जवळजवळ दीड वर्ष तपास केला. जून २०२३मध्ये अहवाल आला, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग त्यात आहे. आगी दोन होत्या. पहिली एका धार्मिक समुदायाच्या जागेवर लागली. तिथल्या लोकांनी २४ डिसेंबरला लाकूडफाटा आणि कचरा जाळला होता. धूर बघून अग्निशमन दलाची माणसं येऊनही गेली आणि त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. नंतर रहिवाशांनी राख-निखाऱ्यांवर माती ओढली. सहा दिवसांनी वाऱ्याने ती माती उडवली आणि खालचा निखारा जिवंत निघाला.

धुमसणं ही जळण्याची वेगळीच रीत आहे. ज्वालेत लाकडातून निघालेला वायू जळतो, त्याला भरपूर हवा लागते. धुमसताना खुद्द कोळशाचा पृष्ठभाग प्राणवायूशी संयोग पावत असतो. त्याला हवा अगदी थोडी पुरते, आणि मातीच्या फटींतून तेवढी मिळते. वरून माती घातली की ज्वाला मरते, पण तीच माती उष्णता धरून ठेवते आणि आत निखारा मंदपणे पुढे सरकत राहतो. म्हणून शेकोटी विझवण्याची अग्निशमन दलांची पद्धत मातीची नसून पाण्याची आहे: भरपूर पाणी ओता, फावड्याने ढवळा, पुन्हा ओता, आणि शेवटी उपडा हात जवळ धरून ऊब लागते का ते बघा. ऊब लागली तर पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी आग तासाभराने जवळच, मार्शल मेसा नावाच्या पठारावरच्या पायवाटेपाशी लागली. तिथे एक्सेल एनर्जी या कंपनीची विजेची तार सुटलेली होती. तिच्यातून उडालेले तप्त कण हे सर्वांत संभाव्य कारण असं अहवालाने म्हटलं. मात्र मार्शल हे एकेकाळचं कोळसा खाणींचं गाव आहे आणि त्याच्या पोटात कोळशाचे थर कित्येक दशकं धुमसत आहेत, त्यामुळे तीही शक्यता पूर्णपणे खोडता आली नाही. फौजदारी गुन्हा कुणावरच दाखल झाला नाही. कंपनीने जबाबदारी नाकारली. सप्टेंबर २०२५मध्ये चूक मान्य न करता ६४ कोटी डॉलरची तडजोड केली.

म्हणजे बावटा नियमाने लागला नाही आणि निखारे प्रचलित रीतीनेच झाकले गेले. आता घरांकडे येऊ, कारण खरं कोडं तिथे आहे. गवताची ज्वाला एका जागी दहा-पंधरा सेकंद टिकते. एवढ्या वेळात घराची भिंत पेटत नाही. मग हजार घरं गेली कशी?

अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी हा प्रश्न जंगलाच्या संदर्भात आधीच सोडवत आणला होता. १९९०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या वायव्य भागात मुद्दाम जंगल पेटवून मोठे प्रयोग झाले. त्यात लाकडी भिंती आगीपासून १०, २० आणि ३० मीटरवर उभ्या केल्या होत्या. शेंड्यांपर्यंत भडकलेल्या आगीसमोरही ३० मीटरवरची भिंत पेटली नाही. कोहेन यांचा निष्कर्ष असा की घर वाचणार की जाणार हे दूरच्या ज्वालांपेक्षा घर स्वतः आणि त्याच्या भोवतीचा तीसेक मीटरचा परिसर ठरवतो, आणि त्यातही सर्वांत निर्णायक म्हणजे भिंतीला लागून असलेला दीड मीटर.

या दीड मीटरात अमेरिकन उपनगरात काय असतं? शोभेच्या झुडपांखाली पसरलेला लाकडाच्या सालीचा चुरा. बाहेरून हिरवी, आतून वाळलेल्या काड्यांनी भरलेली जुनिपरची झुडपं. पन्हाळीत साठलेला पाचोळा, लाकडी ओटा, आणि घराच्या कोपऱ्यापर्यंत आणून खिळ्यांनी ठोकलेलं लाकडी कुंपण. हे कुंपण दिव्याच्या वातीसारखं काम करतं: एक टोक गवतात, दुसरं घरात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे ‘निस्ट’ने, वाऱ्याचे मोठे पंखे लावून कुंपणं जाळून पाहिली आणि २०२२मध्ये निष्कर्ष मांडले. कुंपणाखाली सालीचा चुरा असला की आग भराभर घराकडे सरकते, आणि दोन शेजाऱ्यांची कुंपणं पाठीला पाठ लावून उभी असली तर दोन फळ्यांमधल्या सापटीत उष्णता कोंडून ती सर्वांत भयंकर जळतात. आपापली स्वतंत्र कुंपणं घालून शेजारधर्म टाळणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

एकदा पहिली काही घरं पेटली की गवत संपलं तरी आग संपत नाही, कारण आता घरच इंधन असतं. गवत सेकंदांत जळून जातं, घर मात्र तास-दीड तास जळत राहतं. सुपीरियरच्या सॅगामोर वस्तीत घरांमध्ये फक्त काही मीटर अंतर होतं. एका घराच्या उष्णतेने शेजारच्याच्या काचा तडकतात, पडदे पेटतात, आणि वारा हे सगळं पुढच्या घराकडे लोटतो. सॅगामोर जवळजवळ पूर्ण गेलं. छताखालच्या झरोक्यांतून ठिणग्या माळ्यावर शिरल्याने आतून पेटलेली घरंही अशा आगीत असतात. अशा घरांची झाडं नंतर हिरवीच्या हिरवी उभी दिसतात आणि लोक गोंधळतात.

पाण्याचं काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. जळून कोसळलेल्या प्रत्येक घराची नळाची जोडणी उघडी पडते आणि पाणी वाहून जायला लागतं. शेकडो घरं एकदम गेली की रस्त्यावरच्या अग्निशमन नळांचा दाब ढासळतो. वीजही गेलेली असते. लुईसव्हिलच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांनी शेवटी शुद्धीकरण न केलेलं पाणी थेट शहराच्या नळांत सोडलं. नंतर कित्येक दिवस लोकांना पाणी उकळून प्यावं लागणार होतं, पण बंबांना त्या क्षणी काहीही चालणार होतं. मला हा त्या दिवसातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून बर्फ पडायला लागला आणि निखारे विझले.

आता नकाशावरची एक रेघ बघा. बोल्डर काउंटीने वणव्यासंबंधी बांधकामाचे कडक नियम आगीच्या आधीच केलेले होते, आणि ते राज्यातल्या चांगल्या नियमांपैकी मानले जात. पण काउंटीचे दोन भाग पाडलेले होते: पश्चिमेचा डोंगर आणि पूर्वेची सपाटी. न पेटणारी बाह्यभिंत, झुडपांपासून अंतर वगैरे अटी मुख्यतः डोंगरातल्यांसाठी होत्या. सपाटीवर जंगल नाही, म्हणून वणवा नाही, असा तो साधा तर्क. आगीनंतर, २०२२मध्ये, काउंटीने आपल्या हद्दीतल्या सपाटीलाही त्या अटी लावल्या.

प्रेअरीवरच्या इतर शहरांचे नियम पाहिले तर असंच काहीसं दिसतं. कॅनडात सॅस्काटूनमध्ये अंगणातली शेकोटी दुपारी २ ते रात्री ११ या वेळातच पेटवता येते. कॅल्गरीत शेकोटी घरापासून आणि कुंपणापासून दोन मीटर लांब ठेवावी लागते, वर जाळी लागते. दोन मीटर आणि जाळी या अटी उत्तम आहेत. सॅस्काटूनचं वेळापत्रक मात्र मुख्यतः धुराच्या तक्रारींतून आलेलं आहे, लोकांना झोप आणि उघड्या खिडक्या मिळाव्यात म्हणून. आगीच्या दृष्टीने पाहिलं तर दुपारी दोन ते पाच हाच दिवसातला सर्वांत कोरडा आणि वाऱ्याचा वेळ. जाळीखालच्या, माणूस शेजारी बसलेल्या शेकोटीचा धोका थोडाच असतो हे खरं, आणि फार कोरडं पडलं की शहर शेकोट्यांवर सरसकट बंदी घालतं. तरीही घड्याळाने चालणारा नियम आणि वाऱ्याने चालणारी आग यांचा मेळ बसत नाही.

वाऱ्याने चालणारे नियम बघायचे तर कॅन्ससला जावं. तिथल्या फ्लिंट हिल्समध्ये पशुपालक दर वसंतात हजारो एकर गवत स्वतः पेटवतात, कारण जाळलेल्या माळावर कोवळं गवत लवकर आणि सकस येतं. कॅन्ससमधल्याच मॅनहॅटन नावाच्या शहराजवळच्या कोंझा प्रेअरी संशोधन केंद्रात १९७०च्या दशकापासून माळाचे वेगवेगळे तुकडे दर वर्षी, दोन वर्षांनी, चार वर्षांनी, वीस वर्षांनी असे जाळून तुलना चालू आहे. जे तुकडे क्वचित जळतात तिथे झुडपं आणि झाडं घुसतात आणि प्रेअरी हळूहळू नाहीशी होते. तिथल्या कृषी विस्तार खात्याचा सल्ला असा: वारा ताशी ८ ते २४ किलोमीटर असावा, आर्द्रता ४० ते ७० टक्के. वाऱ्याला खालचीही मर्यादा आहे याचं नवख्याला आश्चर्य वाटतं. पण वारा अगदीच पडलेला असला तर तो पुढे कुठून उठेल याचा भरवसा नसतो आणि धूर जमिनीलगत साचतो. शिवाय एप्रिलमध्ये, पशुपालकांचा जाळण्याचा हंगाम असताना, सोळा काउंट्यांत बाकीच्या बहुतेक उघड्यावरच्या जाळण्यावर २०११पासून बंदी आहे, म्हणजे सगळा धूर एकदम शहरांवर जाऊ नये.

आग पूर्ण बंद केली की काय होतं ते शेजारच्या ओक्लाहोमात दिसतं. तिथे ईस्टर्न रेडसीडर नावाचं झाड माळांवर पसरलं आहे. पूर्वी गवताच्या आगी त्याची रोपं लहानपणीच मारून टाकत. आता ती मोठी होतात, आणि तेलकट, बुंध्यापासून फांद्या असलेलं हे झाड पेटलं की ठिणग्यांचा फवारा उडतो. १४ मार्च २०२५ रोजी ओक्लाहोमात एका दिवसात शंभराहून जास्त आगी लागल्या आणि शेकडो घरांची हानी झाली. सर्वांत मोठा फटका बसलेल्या शहरांत स्टिलवॉटर होतं, जिथलं विद्यापीठ या सीडरच्या धोक्याबद्दल वर्षानुवर्षं सांगत आलेलं आहे.

कोलोरॅडोत परत येऊ. तिथे बांधकामाचे नियम गावोगावी वेगळे असतात आणि राज्याने त्यात नाक खुपसलेलं लोकांना आवडत नाही. तरी २०२३मध्ये कायदा करून वणवा-प्रतिकारक बांधकामासाठी एक मंडळ नेमलं गेलं आणि २०२५मध्ये त्याने राज्यासाठी किमान नियम ठरवले: न पेटणारं छप्पर, झरोक्यांना बारीक जाळी, भिंतीलगतची जागा मोकळी, अशा धर्तीचे. वीज कंपनीही बदलली. एप्रिल २०२४मध्ये वाऱ्याचा अंदाज बघून एक्सेलने पहिल्यांदाच हजारो ग्राहकांची वीज आधीच बंद केली. त्या खेपेला बोल्डरच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचाही पुरवठा गेला आणि मैलापाणी ओढ्यात जाता जाता थोडक्यात वाचलं.

नवे बांधकाम नियम नव्या घरांना आणि मोठ्या दुरुस्त्यांना लागू होतात. जुन्या घरांना नाहीत, आणि प्रेअरीच्या काठावरची बहुतेक घरं जुनीच आहेत. त्यांच्या बाबतीत सर्वांत स्वस्त उपाय म्हणून अग्निशमन खाती जे सांगतात ते अगदी किरकोळ आहे: घराला भिडणारा कुंपणाचा शेवटचा तुकडा तेवढा काढून तिथे लोखंडी फाटक बसवा, आणि भिंतीलगत सालीच्या चुऱ्याऐवजी खडी घाला.